घरच्या घरी वाहनदुरुस्ती : हात कोठवर चालवावा?

कडेगाव : तालुक्यातील देवराष्ट्रे हे गाव यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मात्र ते एका वेगळ्याच कारणाने देशभर चर्चेत आले. येथील दत्तात्रय लोहार यांनी जुन्या, मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग जमवून घरीच एक छोटी चारचाकी तयार केली होती. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणाऱ्या या गाडीवर सुमारे ६० हजार रुपये खर्च आला होता. तिची चित्रफीत पसरल्यानंतर उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी २१ डिसेंबर २०२१ रोजी समाजमाध्यमावर या कल्पकतेची प्रशंसा केली. त्याच वेळी, ही गाडी नियमांत बसत नसल्याने स्थानिक यंत्रणा आज ना उद्या ती रस्त्यावर आणण्यास मनाई करील, असेही त्यांनी सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली.

प्रशंसा आणि मनाई या दोन्ही गोष्टी येथे एकाच वेळी योग्य होत्या. घरच्या घरी वाहनाची कामे करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावी अशी सीमारेषा या घटनेतून स्पष्ट होते. देखभाल, दुरुस्ती आणि फेरबदल ही तीन वेगवेगळी कामे आहेत. पहिले प्रत्येक वाहनधारकाने करावे, दुसरे माहिती व हत्यारे असतील तेवढेच करावे आणि तिसरे कायद्याच्या परवानगीशिवाय करू नये.

पाना-पकडीची जुनी परंपरा

या परिसराला यंत्रांचे आकर्षण नवे नाही. शेजारच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात वसली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाची सुरुवात मात्र त्याआधी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून झाली होती. पुढे लोखंडी नांगर, पंप आणि इंजिने शेतापर्यंत पोहोचली, तसे ती खोलून जोडणारे हातही गावोगाव तयार झाले. विहिरीवरचे इंजिन बंद पडल्यावर शहरातून फिटर येईपर्यंत पीक थांबत नाही. त्यामुळे स्वतः पाना हाती घेणे ही येथे हौस नव्हती, गरज होती. आजही शहरी वाहनधारकाच्या तुलनेत ग्रामीण वाहनधारकाला आपल्या गाडीचे अंतरंग अधिक ठाऊक असते, त्याचे मूळ या गरजेत आहे.

घरी करावयाची कामे

टायर : हवेचा दाब टायर थंड असताना तपासावा. गाडी लांब धावून आल्यावर टायर तापतात व दाब प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसतो. योग्य दाबाचा आकडा माहितीपुस्तिकेत, तसेच मोटारीच्या दाराजवळच्या अथवा दुचाकीच्या चेनकव्हरवरील पट्टीवर दिलेला असतो. मोटारीच्या टायरच्या खाचांत तळाशी छोट्या आडव्या उंचवट्यांच्या खुणा असतात. टायर झिजून या खुणांच्या पातळीवर आला, म्हणजे खाच केवळ १.६ मिलिमीटर उरली, की तो बदलावा. अशा टायरखालून पावसाचे पाणी बाहेर पडत नाही आणि ब्रेक लावूनही गाडी घसरते.

चेन : दुचाकीची उघडी चेन दर ५०० ते १,००० किलोमीटरनंतर स्वच्छ करून तिला वंगण द्यावे. पावसाळ्यात आणि उसाच्या गळीत हंगामात, जेव्हा रस्त्यावर चिखल किंवा धूळ अधिक असते, हे अंतर कमी ठेवावे. काम करताना इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि चाक हाताने फिरवायचे, हा नियम मोडू नये. इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला फडके लावल्यास बोटे चेन आणि दातेरी चक्रात सापडतात. रबरी कड्यांच्या चेनवर पेट्रोल वापरू नये. त्याने कडी खराब होतात.

इंजिन ऑईल : गाडी सपाट जागी, दुचाकी असल्यास मेन स्टँडवर, उभी करावी. इंजिन बंद करून काही मिनिटांनी ऑईलची पातळी पाहावी. मोटारीसाठीचे ऑईल दुचाकीत घालण्याची चूक सर्रास होते. बहुतेक गिअरच्या मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑईलमध्ये चालतात. मोटारीच्या ऑईलमधील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे असा क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ हे मानक पाहून मोटारसायकलचे ऑईल घ्यावे. स्कूटरसाठी ‘एमबी’ हे वेगळे मानक आहे. काढलेले जुने ऑईल गटारात किंवा बांधावर ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. बंद डब्यात भरून ते गॅरेजच्या संकलनात द्यावे.

एअर फिल्टर व प्लग : स्पंजचा फिल्टर धुऊन, वाळवून व पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तेल लावून पुन्हा वापरता येतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. तो ठरलेल्या मुदतीत बदलावा. स्पार्क प्लग इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढावा. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक चालले आहे, असे समजावे. कोरडी काळी काजळी दिसल्यास इंधनाचे प्रमाण अधिक असल्याचा संशय घ्यावा, तर तेलकट ओलसरपणा ऑईल ज्वलनकक्षात शिरत असल्याची सूचना देतो. प्लग बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवावेत. पान्याने तिरका रेटल्यास ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात आणि काही रुपयांचे काम काही हजारांवर जाते.

बॅटरी : टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने साफ करून वर पेट्रोलियम जेली लावावी. वायर काढताना आधी ऋण, मग धन व जोडताना आधी धन, मग ऋण हा क्रम पाळावा. झाकण असलेल्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. त्यामुळे जवळ बिडी-काडी पेटवू नये.

कूलंट : पाणी कमी झाले म्हणून रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतण्याची सवय घातक आहे. आत क्षारांचे थर बसतात व गंज धरतो. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी तोंडावर उडते.

येथे थांबावे

ब्रेक आणि स्टिअरिंग ही कामे पाहून पाहून शिकलेल्या हातांनी करण्याची नाहीत. ब्रेकच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर ब्रेक दाबूनही चाक थांबत नाही, आणि ही उणीव अंगणात नव्हे, उतारावर कळते. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. म्हणून ते साधारणतः दोन वर्षांनी बदलावे लागते. त्याची पातळी घरी पाहावी, बदलण्याचे काम मात्र जाणकारावर सोपवावे. इंजिन ऑईल चुकूनही ब्रेकच्या टाकीत घालू नये. त्याने रबरी सील फुगून संपूर्ण यंत्रणा निकामी होते.

मोटार केवळ जॅकवर उचलून तिच्याखाली शिरणे जिवावर बेतते. जॅक हे चाक बदलण्यापुरते साधन आहे. खाली काम करायचे असल्यास मजबूत स्टँड, चाकांना अडण आणि सपाट, टणक जमीन ही तिन्ही हवीत. स्टेपनी बदलताना नट गाडी उचलण्यापूर्वी सैल करावेत व बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत.

बंद खोलीत किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी जादा क्षमतेचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे हेही असेच जीवघेणे आहे. फ्यूज उडतो तो वायरिंग वाचवण्यासाठी. त्याला डावलले की वायर तापते व गाडी पेट घेऊ शकते. विजेवरील वाहनांत नारिंगी रंगाच्या जाड वायरी उच्च दाबाच्या असतात. त्यांना आणि बॅटरीच्या पेटीला घरी हात लावू नये.

बदललेली यंत्रे

एक काळ होता, जेव्हा कार्ब्युरेटर खोलून पेट्रोलने धुतला, पॉइंट घासले, की बंद गाडी सुरू होई. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज ६’ मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा प्रामुख्याने फ्युएल इंजेक्शनने घेतली. सेन्सर आणि संगणकीय नियंत्रण असलेल्या या इंजिनातील बिघाड कानाने ओळखता येत नाही. तो निदान यंत्र जोडून वाचावा लागतो. डॅशबोर्डवर इंजिनाचे पिवळे चिन्ह सतत पेटून राहिल्यास वायरी हलवून पाहण्याऐवजी ते निदान करून घ्यावे. घरगुती दुरुस्तीचा परीघ त्यामुळे आक्रसला आहे. देखभालीचे महत्त्व मात्र कमी झालेले नाही. अस्वच्छ फिल्टर आणि निकृष्ट ऑईल नव्या इंजिनालाही तितकेच मारक आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. नव्या नमुन्याच्या वाहनाला आधी मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी पार करावी लागते. पुण्याची ‘एआरएआय’, भोसरीची ‘सीआयआरटी’ आणि अहिल्यानगरची ‘व्हीआरडीई’ या अशा संस्था महाराष्ट्रातच आहेत. ब्रेक किती अंतरात थांबवतात, दिवे कोठे पडतात, धूर किती निघतो, धडक बसल्यास आतील माणसाचे काय होते, हे तेथे पारखले जाते. भंगारातून उभी केलेली गाडी धावते, एवढ्याने या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. अपघातात सापडणारा पादचारी तर त्या गाडीच्या निर्मितीकौतुकात सहभागीही नसतो.

असलेल्या वाहनात फेरबदल करण्यावर कलम ५२ चे बंधन आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ ए नुसार नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मान्यताप्राप्त सीएनजी संच किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी करावयाचे बदल यांना मार्ग खुला आहे. मात्र त्यासाठी परिवहन कार्यालयाची रीतसर मंजुरी व नोंद लागते. कर्णकर्कश सायलेन्सर, डोळे दिपवणारे जादा दिवे यांना ‘घरचीच दुरुस्ती’ म्हणून सूट नाही. मंजुरीविना केलेल्या बदलामुळे विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

हत्यारे आणि नोंदवही

घरगुती देखभालीसाठी रिंग व डी पान्यांचा संच, प्लग पाना, पेचकस, पकड, हवेचा दाब मोजण्याचे मीटर, ग्रीस, हातमोजे आणि चष्मा एवढे पुरेसे आहे. यांत सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे वाहनासोबत मिळालेली माहितीपुस्तिका होय. तिच्या जोडीला एक साधी वही ठेवावी. ऑईल कधी, किती किलोमीटरला बदलले, टायर कधी टाकले, कोणता आवाज केव्हापासून येऊ लागला, याची नोंद असेल तर गॅरेजमधील मिस्त्रीलाही दोष शोधणे सोपे जाते आणि अनावश्यक सुटे भाग बदलण्याचा खर्च टळतो.

ज्यांना याहून पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. लोहारकाम, वेल्डिंग किंवा शेतीच्या इंजिनांची जाण असलेल्या ग्रामीण तरुणांच्या हातात कसब आधीपासूनच असते. मोजमाप, सुरक्षितता आणि नियम यांची जोड मिळाली, तर या कसबाला रस्त्यावर कोणी अडवण्याचे कारण उरणार नाही.