दोन नांगर

अमरावतीच्या वर्गांत ‘गलबतानें नांगर टाकला’ असें म्हणतांच एका शेतकऱ्याच्या मुलानें विचारलें, “समुद्रांत काय नांगरायचें?” वर्ग हंसला; मला मात्र प्रश्न रास्त वाटला. शेतांतला नांगर संस्कृत ‘लांगला’पासूनचा, जहाजाचा फारशी ‘लंगरा’पासूनचा. मराठींत दोहोंच्या आरंभींच्या ‘ल’चा ‘न’ झाला, आणि कुळाचा संबंध नसतां दोघे एका नांवाचे झाले. गंमत अशी कीं, इंग्रजी काव्यांतलें जहाज समुद्र नांगरीत पुढें जातें. आपलें नांगरलें कीं थांबतें!

वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत पूर्वीं दरसाल वखरच चाले, नांगर क्वचित् जुंपीत; दुसरा नांगर तर कोणीं पाहावा? तरी १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवींत लँकेशायरच्या गिरण्यांसाठीं अकोला-अमरावतीकडचा कापूस मुंबईस नांगरलेल्या जहाजांवरच चढला.