जहाज विकत घेण्यापूर्वी: डेप्टफर्डच्या गोदीतील एका पाहणीची कथा

#धागा

१/१४
१७६८ साली ब्रिटिश नौदलाने कोळसा वाहणारे एक वापरलेले जहाज विकत घेतले. पुढे ते ‘एंडेव्हर’ या नावाने जगप्रसिद्ध झाले. जेम्स कुकने ते स्वतः पारखून निवडले, अशी समजूत रूढ आहे. वास्तविक हा व्यवहार झाला तेव्हा कुकची नेमणूकही झालेली नव्हती. जहाजाची पारख केली ती गोदीतील कारागिरांनी.

२/१४
निमित्त होते शुक्राच्या अधिक्रमणाचे. ३ जून १७६९ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता आणि पृथ्वी व सूर्य यांमधील अंतर काढण्यासाठी हे निरीक्षण मोलाचे होते. रॉयल सोसायटीने दक्षिण पॅसिफिकमध्ये निरीक्षक पाठविण्याची विनंती केली. नवे जहाज बांधण्याइतका अवधी नव्हता. तयार जहाजच घेणे भाग होते.

३/१४
आधी प्रश्न आला कामाचा. युद्धनौका वेगवान असते. परंतु तिच्यात दीर्घ प्रवासाची रसद मावत नाही. येथे दोन-तीन वर्षांचा प्रवास होता, वाटेत गोदी मिळण्याची शाश्वती नव्हती आणि किनाऱ्यांचे नकाशेही उपलब्ध नव्हते. म्हणून दृष्टी वळली ती व्हिट्बी बंदराच्या कोळसावाहू जहाजांकडे. ही जहाजे मंद आणि बोजड, मात्र पोट मोठे आणि तळ सपाट. ओहोटीच्या वेळी वाळूवर टेकून ती सरळ उभी राहत.

४/१४
मार्च १७६८ च्या अखेरीस थेम्स नदीकाठच्या डेप्टफर्ड येथील शाही गोदीच्या अधिकाऱ्यांनी अशा जहाजांची पाहणी केली. त्यांतील ‘अर्ल ऑफ पेम्ब्रोक’ हे त्यांना पसंत पडले. ते १७६४ साली व्हिट्बीत थॉमस फिशबर्न यांच्या कारखान्यात बांधले गेले होते. वय पावणेचार वर्षे, मापाने ३६८ टन.

५/१४
लाकडी जहाजाची पारख ही मुख्यतः न दिसणाऱ्या गोष्टींची पारख असते. रंग, शिडे, दोरखंड हे सारे बदलता येते. खरी मदार कण्यावर, फासळ्यांवर आणि पाण्याखालील फळ्यांवर. लाकडावर हातोडा मारून नाद ऐकायचा: भरीव लाकूड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. संशय आल्यास गिरमिटाने छिद्र पाडून आतील भुसा तपासायचा. सांध्यांत ठासलेला ताग व डांबर चाचपायचे आणि तळाशी पाणी किती झिरपते ते पाहायचे.

६/१४
पाहणीचा कौल अनुकूल आला आणि सुमारे २,८०० पौंडांना सौदा झाला. तरीही अनुकूल कौलाचा अर्थ ‘जहाज निर्दोष आहे’ असा नव्हता. हाती घेतलेल्या कामासाठी ते सज्ज करता येईल, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढील बदलांवर व दुरुस्तीवर २,००० पौंडांहून अधिक खर्च झाला. जुनी नौका घेणाऱ्याला दोन किमती मोजाव्या लागतात, हा अनुभव तेव्हाही नवा नव्हता.

७/१४
या खर्चाचा एक भाग होता तळावरील जादा लाकडी अस्तराचा. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. त्याला किडा म्हणत असले तरी तो शिंपल्यांच्या कुळातील आहे. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून तो आत शिरतो आणि आतल्या आत वाढत जातो. फळी बाहेरून धड दिसते, आतून पोकळ झालेली असते. तांब्याच्या पत्र्याचा उपाय तेव्हा प्रयोगावस्थेत होता. ‘अलार्म’ या युद्धनौकेवर तांब्याच्या सान्निध्यात लोखंडी खिळे झिजल्याचे आढळले होते.

८/१४
खरेदीची कसोटी लागली जून १७७० मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ जहाज प्रवाळखडकावर चढले आणि जवळजवळ एक संपूर्ण दिवस तेथे अडकून राहिले. सहा तोफांसह चाळीस-पन्नास टन वजन समुद्रात फेकावे लागले. भोकात प्रवाळाचा एक तुकडाच अडकून बसल्याने पाण्याचा ओघ काहीसा रोखला गेला. पुढे एका नदीच्या मुखाशी जहाज किनाऱ्यावर ओढून दुरुस्त करण्यात आले. सपाट तळ ज्या कारणासाठी पसंत केला होता, ते कारण येथे उपयोगी पडले.

९/१४
नदीकाठी मात्र ओहोटीत जेवढे उघडे पडेल तेवढेच दिसत होते. वर्षअखेरीस बटाव्हियाजवळ, म्हणजे आजच्या जकार्ताजवळ, डच कंपनीच्या गोदीत जहाज आडवे केले गेले तेव्हा खरी अवस्था उघड झाली. काही फळ्यांची जाडी एक अष्टमांश इंच एवढीच उरली होती. किडा फासळ्यांपर्यंत पोहोचला होता. हे जहाज तरंगत कसे राहिले, याचे कुकलाही आश्चर्य वाटले.

१०/१४
या दुरुस्तीची किंमत माणसांनी चुकवली. बटाव्हियातील रोगट मुक्काम लांबला. तेथे आणि पुढील प्रवासात ताप व आमांश यांनी सुमारे तीस जण दगावले. जहाजावर आरंभी सुमारे ९४ माणसे होती, हे लक्षात घेता हा आकडा किती भयंकर होता ते कळते. नौकेचा तळ ही तिच्यावरील माणसांच्या आयुष्याची बाब असते, ती अशी.

११/१४
१७७५ साली नौदलाने ‘एंडेव्हर’ ६४५ पौंडांना विकले. त्याच सुमारास अमेरिकेतील युद्धासाठी सरकारला सैन्यवाहू जहाजे हवी होती. नव्या मालकाने तेच जहाज सरकारपुढे आणले. डेप्टफर्डने ते नाकारले. मग त्याने नाव बदलून ‘लॉर्ड सँडविच’ केले. लॉर्ड सँडविच हे त्या वेळी नौदलाचे प्रमुख मंत्री होते! गोदीतील लोकांनी तरीही ते ओळखले. हे आपणच विकलेले आणि पूर्वी नाकारलेले जहाज आहे, अशी नोंद करून त्यांनी ते पुन्हा परत पाठवले.

१२/१४
दुरुस्ती झाल्यावर तिसऱ्या खेपेस ते स्वीकारले गेले. त्याने जर्मन भाडोत्री सैनिक अमेरिकेत नेले आणि पुढे न्यूपोर्ट येथे ते तरंगता तुरुंग बनले. ऑगस्ट १७७८ मध्ये फ्रेंच आरमाराची वाट अडविण्यासाठी इंग्रजांनी ते इतर जहाजांसह स्वतःच बुडवले. बुडवताना कागदोपत्री नाव होते ‘लॉर्ड सँडविच’. त्यामुळे ‘एंडेव्हर’ कोठे गेले, हे दीर्घकाळ विस्मृतीत राहिले.

१३/१४
२०२२ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने न्यूपोर्टजवळील एक अवशेष ‘एंडेव्हर’चाच असल्याचे जाहीर केले. त्या शोधातील अमेरिकी सहकारी संस्थेने हा निष्कर्ष घाईचा ठरवला. संग्रहालयाच्या दाव्याचा मोठा आधार म्हणजे समुद्रतळावरील लाकडांची मापे. ती १७६८ साली खरेदीच्या वेळी डेप्टफर्डमध्ये घेतलेल्या मापांशी आणि आराखड्यांशी ताडून पाहण्यात आली.

१४/१४
नौका विकत घेणारा आजही तिला पाण्याबाहेर काढायला लावतो, तळ ठोकून पाहतो आणि विक्रेत्याशी संबंध नसलेला पाहणीदार नेमतो. साधने बदलली, रीत तीच राहिली. ‘अर्ल ऑफ पेम्ब्रोक’चा तळ गाळात गेला, नावे दोनदा बदलली, मालक बदलले. खरेदीपूर्वी टिपून ठेवलेली मापे मात्र अडीचशे वर्षांनंतरही साक्ष देत आहेत. पाहणी जितकी कसून करावी, तितकीच ती लिहूनही ठेवावी.

(धागा समाप्त)