कापूस तिसऱ्यांदा भिजला तेव्हा

दुपारी २. कुंभारीच्या विडी घरकुलातल्या मावशी. हृदयात धातूची झडप बसवलेली, म्हणून रोज संध्याकाळी अ‍ॅसिट्रॉम, रक्त पातळ ठेवणारी गोळी. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, २.५ ते ३.५च्या दरम्यान राहायला हवा होता. चार महिन्यांत तपासलाच नव्हता. जुलाबासाठी पाच दिवस मेट्रोनिडाझोल चालू. या औषधानं अ‍ॅसिट्रॉमचा जोर वाढतो. विड्या वळताना पाठ धरली म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात कंबरेवर इंजेक्शन घेतलं. गोळीचं कुणी विचारलं नाही, मावशींनी सांगितलं नाही.

संध्याकाळी ६. हिरड्यांतून रक्त. मिसरी जोरात घासली गेली असेल, असं घरच्यांना वाटलं.

७. नेहमीची गोळी घेतली.

रात्री १०. इंजेक्शनच्या जागी तळहाताएवढी काळीनिळी सूज. मुलीनं गरम शेक दिला.

११.४०. आमच्या रुग्णालयात दाखल. डोकेदुखी, दोन उलट्या, रक्तदाब १७०/१००. केसपेपरवर लिहिलं गेलं: पित्त. रात्रपाळी माझी होती. मावशी तेलुगूत काहीतरी पुटपुटत होत्या. ‘डोकं फुटतंय म्हणते, सिस्टर,’ मुलगी म्हणाली. मी सलाईन लावलं. सुईच्या जागेतून रक्त झिरपत राहिलं. कापूस बदलला, पुन्हा बदलला, चिकटपट्टी सैल झाली असेल असं धरून चालले. शरीर स्पष्ट सांगत होतं आणि मी पट्टी घट्ट करत होते.

१.१५. कापूस तिसऱ्यांदा भिजला. ‘आईला रोजची कुठली गोळी चालू आहे का गं?’ मुलीनं पिशवीतून पाकीट काढलं.

तिथून सगळं धावतपळत. डॉक्टरांना फोन. रक्ताचे नमुने, रक्तगट, डोक्याचं सीटी स्कॅन. डोकं तीस अंश उंच. व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम, सलाईनमधून सावकाश. स्नायूत एकही सुई नाही. दर पंधरा मिनिटांनी बाहुल्या, शुद्ध, नाडी.

२.४०. आयएनआर ९च्या वर. स्कॅनमध्ये मेंदूत मोठा रक्तस्राव. व्हिटॅमिन केचा पुरता परिणाम दिसायला कित्येक तास लागतात. लगेच गुण देणारा प्लाझ्मा रक्तपेढीत गोठलेला. तो वितळायलाच अर्धा तास.

३.००. उजवी बाहुली मोठी. हाकेला ओ नाही. नाडी ५२.

३.३०. प्लाझ्माची पहिली पिशवी लावली.

५.४०. मावशी गेल्या.

दाखल झाल्यापासून तो एक प्रश्न विचारायला मला दीड तास लागला. आता सुई हातात घेण्याआधी मी तोच विचारते. तुमच्या घरात कुणी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असेल, तर आमच्या विचारण्याची वाट पाहू नका. दारातच सांगा.