तारे मोजताना

गेल्या महिन्याभरात प्रभातचे तीन चित्रपट लागोपाठ पाहिले. 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७) आणि 'माणूस' (१९३९). घरच्या मंडळींचा नेहमीचा प्रश्न आलाच, "पाचपैकी किती?" उत्तर देणार आहे, पण शेवटी. कारण 'कुंकू'ने या तारे देण्याच्या प्रकाराबद्दलच विचार करायला लावलं.

चित्रपटाला तारे देण्याची पद्धत तशी जुनी. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये आयरीन थायरर या समीक्षिकेने १९२८ साली ती सुरू केली. तेव्हा जास्तीत जास्त तीनच तारे मिळत. उद्देश सरळ होता. संध्याकाळी पैसे खर्च करून कुठल्या थेटरात जायचं, हे वाचकाला पटकन कळावं. थोडक्यात, तारे हा त्या आठवड्याचा सल्ला होता. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या चित्रपटाला आपण तेच माप लावतो तेव्हा घोळ होतो.

आता 'कुंकू'. नारायण हरि आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांतारामांनी केलेला. नीरा (शांता आपटे) या तरुण मुलीचं लग्न फसवून काकासाहेब (केशवराव दाते) या वयस्कर, विधुर वकिलाशी लावलं जातं. ती रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असं ठणकावून सांगते आणि त्याच घरात राहून ते अमान्य करत राहते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते पडद्यावरच्या जगातलं. भिंतीवरचं घड्याळ, वस्तूंचे आवाज, ग्रामोफोन. त्या शांततेत घड्याळाची टिकटिक म्हाताऱ्या नवऱ्याच्या छातीत वाजतेय असं वाटतं.

शेवटी काकासाहेबांना आपला अन्याय कळतो. ते नीरेच्या कपाळावरचं कुंकू स्वतः पुसतात आणि पुढे आत्महत्या करतात. आमच्याकडे पिक्चर संपल्यावर तरुण मंडळी म्हणाली, "हा काय शेवट? म्हाताऱ्याला मारून प्रश्न सोडवला! ती सरळ घर सोडून का जात नाही? घटस्फोट का घेत नाही?" एक तारा तिथेच कापला गेला.

पण घटस्फोट घ्यायचा कुठून?

१९३७ साली मुंबई इलाख्यात नीरेसारख्या घरातल्या हिंदू बाईला कायद्याने घटस्फोट मिळत नव्हता. काही जातींत रूढीने काडीमोड होती, पांढरपेशा घरांत नव्हती. बडोदा संस्थानात सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला होता, पण तो संस्थानापुरता. मुंबई प्रांतात असा कायदा यायला १९४७ उजाडलं आणि देशभर हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ मध्ये. १९२९ चा सारडा कायदा होता, पण त्याने मुलीचं किमान वय चौदा ठरवलं होतं. नवरा-बायकोच्या वयातल्या अंतराबद्दल तो गप्प होता.

मात्र १८५६ पासून विधवेला पुनर्विवाहाची कायदेशीर परवानगी होती! म्हणजे बघा, नको असलेल्या लग्नातून बाहेर पडून दुसरं लग्न करायला नीरेसाठी कायद्याने एकच दार ठेवलं होतं, नवऱ्याच्या मरणाचं. आणि काकासाहेब पेशाने वकील. चित्रपट हे उघड बोलून दाखवत नाही, हे माझं वाचन आहे. पण ते लक्षात घेतलं की तो शेवट सोयीचा वाटत नाही. भयंकर वाटतो.

याच्या आधी १८९९ मध्ये देवलांच्या 'संगीत शारदा'ने जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न रंगभूमीवर आणला होता. तिथे शारदेचं म्हाताऱ्याशी लग्न पुरं होतच नाही, मोडतं. 'कुंकू' त्याच्या पुढचा प्रश्न विचारतो, लग्न लागून गेलं असेल तर? अडतीस वर्षांत प्रश्न बोहल्यावरून घराच्या आत आला होता. आणि त्या घरातली विचारी, समाजकार्य करणारी मुलगी सुशीला कोणी साकारली? शकुंतला परांजपे यांनी, ज्या प्रत्यक्षातही संततिनियमनाच्या प्रचाराचं काम करत होत्या. म्हणजे बाहेरचा वाद थेट पडद्यावर येऊन उभा राहिला होता.

'माणूस'बद्दलही असंच. गणपत हा पोलीस शिपाई (शाहू मोडक) आणि मैना ही वेश्या (शांता हुबळीकर). त्यांचं लग्न होत नाही, पण गणपत दारू पिऊन मरतही नाही. 'देवदास' (१९३५) गाजून चार वर्षं झाली होती. त्या पार्श्वभूमीवर जगत राहणारा नायक हेच शांतारामांचं म्हणणं.

आणि 'संत तुकाराम'? दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. विष्णुपंत पागनीस तर थोरच, पण मला भावली ती गौरीची जिजाई. मूल आजारी पडल्यावर हातात वहाण घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला निघालेली. तुकोबा वैकुंठाला जातात, ती संसारात मागे राहते. भक्तिपटात बायकोची बाजू इतकी खरी दिसते, हे विशेष.

तर माझे तारे. 'संत तुकाराम' पाच. 'माणूस' साडेचार. 'कुंकू'ही साडेचार. अर्धा कापला तो मधले काही विनोदी प्रसंग लांबलेत म्हणून, शेवटासाठी नव्हे.

जुन्या चित्रपटाला सगळं माफ करावं असं मी म्हणत नाही. लांबलेला विनोद आजही लांबलेलाच. पण पात्रांनी अमुक का केलं नाही, असं विचारताना त्या साली ते करता येत होतं का, एवढं तरी पाहावं. नाहीतर आपण नीरेचे गुण कापतो आणि कायदा मात्र पैकीच्या पैकी घेऊन सुटतो.

असो. 'कुंकू' पाहिला नसेल तर जरूर पाहा. आणि घरातल्या मुलींना सोबत बसवा.