प्रस्तावना: हळदीपासून त्वचेच्या पेशीपर्यंत

ठेच लागल्यावर दाबलेली हळद, कांजिण्या उतरल्यावर कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ, मुक्या मारावर आंबेहळदीचा लेप. वनस्पती आणि त्वचा या विषयाकडे वळणाऱ्या बहुतेक मराठी वाचकांना यातले काही ना काही घरातच भेटलेले असते. तो अनुभव मोलाचा आहे. मात्र पेशीच्या पातळीवर तो तपासायचा तर प्रश्न फार बारीक करावा लागतो. हळद गुणकारी आहे का, असे पेशीला विचारता येत नाही. हळदीतल्या इतक्या मायक्रोमोलर कर्क्युमिनने इतक्या तासांत तुझ्यातून बाहेर पडणारे इंटरल्यूकिन-८ हे दाहाचे प्रथिन घटते का, असे विचारता येते.

हा प्रश्न पुष्कळदा हाकॅट पेशींना विचारला जातो. बाह्यत्वचेतल्या बहुसंख्य पेशी केराटिनोसाइट असतात. प्रौढ माणसाच्या त्वचेतून घेतलेल्या आणि प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या अशा पेशींचा हा वंश जर्मनीतल्या संशोधकांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना टीएनएफ-अल्फा आणि इंटरफेरॉन-गॅमा ही दाहाचा इशारा देणारी प्रथिने दिली की दाह पेटतो. एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन एरवी पेशीद्रवात दुसऱ्या एका प्रथिनाने अडवून धरलेले असते. इशारा मिळताच ते अडवणारे प्रथिन नष्ट होते, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरते आणि दाहाची जनुके जागी होतात. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये हे प्रथिन दाखवून दिले. कर्क्युमिन त्याचा मार्ग रोखते, हे १९९५ मध्ये पेशींवर दिसले. त्याच वर्षी जखमेवरच्या हळदीच्या वापराला अमेरिकेत पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या भारतीय संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा वापर आपल्याकडे पूर्वापार आहे, एवढे त्या लढ्याने सिद्ध केले. हळद नेमके काय करते, याचे उत्तर प्रयोगशाळेतच शोधावे लागणार होते.

तिथे पहिली फसगत अगदी साधी असते. मेलेली पेशीही नवे इंटरल्यूकिन-८ तयार करत नाही. अर्काने दाह शमवला की पेशीच मारली, हे आधी ठरवायला हवे. त्यासाठी शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये एमटीटी नावाचे पिवळे द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात आणि रंग जितका गडद तितक्या पेशी जगल्या असे मानतात. पण वनस्पतींतली अनेक पॉलिफेनॉल हा रंगबदल स्वतःच घडवतात. म्हणून काही खळग्यांत पेशी न घालता नुसता अर्क आणि एमटीटी ठेवावे. तेही जांभळे झाले, तर आधीच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. अर्क ज्यात विरघळवला त्या डायमिथाइल सल्फॉक्साइडचे वेगळे खळगेही हवेतच. ही दोन नियंत्रणे नसलेला शोधनिबंध, त्यातली वनस्पती कितीही आवडती असो, मी बाजूला ठेवतो.

कर्क्युमिनबाबत आणखी एक अडचण आहे. रक्ताइतक्या सामूच्या सीरमविरहित द्रावणात त्याचा बहुतांश भाग अर्ध्या तासात विघटित होतो. मग चोवीस तासांनी दिसलेला परिणाम कर्क्युमिनचा की त्याच्या तुकड्यांचा, हा प्रश्न खुला राहतो, आणि तो मला या क्षेत्रातला सर्वांत आकर्षक प्रश्न वाटतो. मंडूकपर्णीतल्या मेडकॅसोसाइडसारख्या संयुगांवरही असेच चिकाटीचे काम व्हायला हवे.

आणि वनस्पती म्हणजे सौम्य, हा समज बिब्ब्यापाशी थांबतो. बिब्बा उतल्यावर त्वचेचे काय होते, ते खेड्यात वेगळे सांगावे लागत नाही. बावचीतले सोरालेन तर उन्हासोबत त्वचा पोळते, आणि नेमक्या मात्रेत, अतिनील किरणांच्या जोडीने, सोरायसिस व कोडावर कामी येते.

या विषयात शिरताना आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याने सुरुवात पेशीसंवर्धनापासून करावी. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी वनस्पतीची ओळख पटवायला, नमुना जतन करायला आणि अर्क काढायला शिकावे. त्वचारोगतज्ज्ञांनी या दोघांना आपल्या बाह्यरुग्ण विभागात बसवून घ्यावे आणि खाजेने रात्र जागून काढलेला रुग्ण आधी काय सांगतो, ते त्यांना ऐकू द्यावे.