सुभेदार रामजी सकपाळ : सैनिक आणि मुख्याध्यापक

भिवंडीहून कल्याण ओलांडून पूर्वेस गेले, की मुरबाड लागते. या गावाचे नाव मुरबाडकर या आडनावात टिकून आहे. या महार घराण्यातील भीमाबाई यांचे पिता व सहा चुलते लष्करात सुभेदार-मेजर होते. भीमाबाईंचे पती रामजी मालोजी सकपाळ (१८४८–१९१३) हे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. त्यांचा परिचय सामान्यतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील एवढ्यापुरताच करून दिला जातो. तथापि सैनिक आणि शिक्षक या दोन्ही नात्यांनी त्यांचे चरित्र स्वतंत्र विचारास पात्र आहे.

कंपनी सरकारच्या लष्करात हिंदी शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, अशी नोंद डॉ. आंबेडकरांनी केली आहे. गावच्या शाळेत ज्यांना ओटीवरही स्थान नव्हते, त्यांना छावणीत अक्षर मिळाले. रामजींनी पुण्यास लष्करी शिक्षकांच्या 'पंतोजी स्कूल'मध्ये अध्यापनाची पदविका घेतली. 'पंतोजी' हा शब्द गावोगावच्या, बहुधा ब्राह्मण, शिक्षकाला लावला जाई; ज्याच्या शाळेपासून महारांची मुले दूर ठेवली जात, त्याच्याच नावाच्या संस्थेतून एक महार सैनिक शिक्षक होऊन बाहेर पडला. पुढे लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनी सुमारे चौदा वर्षे सांभाळले. महू येथे त्यांचा मुक्काम असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला.

याच १८९१ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रिचर्ड रॉबर्ट राइट हे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या औद्योगिक महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. १८५५ मध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या राइट यांनी १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धकाळात सैन्यात मेजरच्या हुद्द्यावर वेतनाधिकारी म्हणून काम केले आणि १९२१ पर्यंत महाविद्यालयाची धुरा वाहिली. ती संस्था आज सव्हाना राज्य विद्यापीठ म्हणून उभी आहे. वर्णभेदाच्या चौकटीत का होईना, राइट यांना नागरी समाजात संस्थेचे प्रमुखपद लाभले. रामजींचा अधिकार मात्र छावणीच्या वेशीपाशी संपला.

१८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. ती केवळ नोकरीची हानी नव्हती. पुढील पिढ्यांची शाळाच बंद झाली. याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून या प्रश्नी निवेदन लिहवून घेण्यासाठी रामजींनीही खटपट केल्याचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात.

निवृत्तीनंतर हे मुख्याध्यापक काही काळ सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात तलावाच्या दुष्काळी कामावर रोखपाल होते. १९०१ मध्ये त्यांना भेटावयास निघालेल्या त्यांच्या मुलांना मसूर स्थानकावर जात कळताच कोणी गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतःच बैलगाडी हाकली आणि गाडीवान बरोबर चालत राहिला. वाटेत पिण्याचे पाणीही मिळाले नाही. सुभेदाराचा हुद्दा आणि शिक्षकाची पदविका यांचे छावणीबाहेर काय मोल होते, हे या एका प्रवासावरून कळते.

यानंतर रामजींची शाळा घरात भरू लागली. तर्खडकरांच्या भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून पक्क्या करून घेतल्या. मराठीतून इंग्रजीत जाताना नेमका शब्द शोधण्याची शिस्त लावली. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत ते स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासास उठवून आपण निजत. पुस्तकासाठी पैसे नसले, तर विवाहित मुलींचे दागिने मागून आणून गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन मिळताच सोडवीत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी भीमराव कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

१९३५ मध्ये डॉ. आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली आणि १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. जे प्रमुखपद पित्याला छावणीतच लाभले, ते पुत्राने नागरी समाजात मिळविले. आणि ज्या शाळेचे दार १८९२ च्या सुमारास मिटले, तिच्या जागी सर्वांना खुले असलेले महाविद्यालय उभारले. रामजींच्या नावे कोणतीही इमारत त्या काळी उभी राहिली नाही. परंतु या महाविद्यालयाच्या पायात परळच्या त्या खोलीतील जागरणे आहेत.