भूमीतून निघणारी ज्योत

श्रोतेहो, ज्वालामुखी हा शब्द आपण शाळेत शिकलो तो आग ओकणाऱ्या पर्वतासाठी. पण ज्या कांगड्यात ज्वालामुखी देवीचे ठाणे आहे, तेथे असा पर्वत नाही. लाव्हा नाही, राख नाही. खडकाच्या भेगांतून निळसर ज्योती निघतात आणि मूर्तीच्या जागी त्यांचीच पूजा होते. उलट आपला वऱ्हाड पाहा. गाविलगडचा कातळ आणि अकोल्याच्या काळ्या मातीचे मूळ, दोन्ही सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. म्हणजे नाव तिकडे आणि लाव्हा इकडे!

कांगड्याच्या ज्योतीचे कारण वेगळे आहे. गाळाच्या थरांत जुन्या काळी गाडल्या गेलेल्या जीवांचे अवशेष उष्णतेने व दाबाने बदलतात आणि त्यांपासून मिथेन वायू बनतो. खडकाला चीर मिळाली की तो वर येतो, आणि एकदा पेटला की पुरवठा असेतो जळत राहतो.

ही ज्योत इतिहासालाही ठाऊक आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलक नगरकोटवर चालून गेला, तेव्हा तेथील सुमारे १३०० संस्कृत ग्रंथ त्याच्या हाती आले व त्यांतील काहींचे फारसीत भाषांतर झाले, असे फिरिश्त्याने लिहिले आहे. अकबराने पाणी सोडून ज्योत विझवू पाहिली, ही मात्र दंतकथा. पुढे रणजितसिंहाने देवळाचा कळस सोन्याने मढविला.

या देवीचे नाव हिंदुस्थानाबाहेरही पोचले. कास्पियन समुद्राकाठी बाकूजवळ सुरखानी येथे अशाच ज्योतीभोवती आपल्याकडील व्यापाऱ्यांनी व साधूंनी मठ बांधला. तेथील बहुतेक शिलालेख देवनागरीत असून त्यांत गणेशवंदन आहे, ज्वालाजीचे नाव आहे. एकावर संवत १८०२, म्हणजे इसवी सन १७४५च्या सुमाराचा काळ, कोरलेला आहे. त्याच सुमारास रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालकडे दौडत होत्या आणि वऱ्हाडची रयत निजाम व भोसले अशा दोन धन्यांचा वसूल भरत होती.

आता या दोन ज्योतींचे पुढे काय झाले ते ऐका. कांगड्यात १९५७ साली सरकारी तेल आयोगाने आपली पहिली विहीर खोदली. व्यापारी उपयोगाचा साठा लागला नाही. पहिले तेल १९५८ साली खंबायतकडे लुणेज येथे मिळाले. कांगड्याची ज्योत आजही तेवते आहे. सुरखानीत मात्र तेल आणि वायू लागला, आणि तो अखंड उपसला गेला. १९६९ साली तेथील नैसर्गिक ज्योत विझली. आज यात्रेकरू पाहतात ती नळाने आणलेल्या वायूची.

शत्रूच्या स्वारीने जी ज्योत विझली नाही, ती उपशाने विझली. ज्योतीचे कारण कळल्याने तिचे तेज उणे झाले नव्हते. तिच्या खालचा ठेवा अक्षय आहे असे मानल्याने ते गेले. वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांत बोअर खोल खोल जात आहेत आणि पाणी त्यांच्याही खाली जात आहे, हे आपणांस ठाऊक आहे. आपल्या भूमीत ज्योत नाही, पण ठेवा आहे. तो नळाने परत आणता येईल, या भरवशावर कोणी राहू नये.